विलायतेचा ठोसा आणि अमेरिकेची वारी

मंडळी, काही वाद असे असतात की ते मिटले तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होईल. आपल्याकडे पानिपतावर का गेलो हा वाद आहे, तसा इंग्लंडात एक वाद गेली सव्वाशे वर्षं चालू आहे. आपला हेवीवेट मुष्टियोद्धा लढायला अमेरिकेत गेला पाहिजे, की अमेरिकेनं त्याच्या दारात आलं पाहिजे?

तुम्ही म्हणाल, निवृत्त मास्तराला या मारामारीचं काय पडलंय? पण पस्तीसेक वर्षं इतिहास शिकवल्यावर माणसाला कुठल्याही मारामारीत इतिहासच दिसायला लागतो. शिवाय लंडनला राहणारा आमचा भाचा या खेळाचा भक्त. २०१९ सालच्या जूनमध्ये अँथनी जोशुआ न्यूयॉर्कात हरला, तेव्हा फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, "मामा, याला तिकडं कडमडायला कुणी सांगितलं होतं?" तेव्हापासून मी हा विषय जमेल तसा वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज मांडतो. थोडं लांबेल, पण चहा घेऊन बसा.

पहिली गंमत ही की हा प्रश्न मुळात उलटा होता. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंड हेच या खेळाचं माहेर होतं, आणि लढायला यावं लागायचं ते अमेरिकनांना. टॉम मोलिनो हा अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय योद्धा इंग्लंडात आला. त्याचा गुरू बिल रिचमंड, तोही गुलामीतच जन्मलेला. १८ डिसेंबर १८१० रोजी ससेक्समधल्या एका माळावर, थंडीपावसात, मोलिनो इंग्लंडचा विजेता टॉम क्रिबशी लढला. तेव्हा हातमोजे नव्हते, उघड्या मुठींनी लढायचं आणि एकजण उठेनासा होईपर्यंत लढायचं. मोलिनो वरचढ ठरतोय असं दिसताच प्रेक्षक दोर तोडून आत घुसले, आणि क्रिबला सावरायला नियमापेक्षा जास्त वेळ मिळाला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. शेवटी क्रिब जिंकला. मोलिनोनं फेरलढतीचं आव्हान वर्तमानपत्रातून दिलं, आणि आपला वर्ण वेगळा आहे म्हणून आपल्याला अन्याय होऊ नये अशी विनंती त्यात केली. पुढच्या वर्षी, २८ सप्टेंबर १८११ ला, क्रिबनं त्याला निर्विवाद हरवलं. पण पहिल्या लढतीचा डाग काही धुतला गेला नाही.

हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढं दोनशे वर्षं इंग्रज लोक "अमेरिकेत आमच्यावर अन्याय होतो" म्हणून ओरडत आले. पाहुण्याला घरच्या मैदानावर नाडायची पद्धत सुरू कुणी केली, हेही लक्षात असलेलं बरं.

मग १८६० साली जॉन हीनन हा अमेरिकन टॉम सेयर्सशी लढायला इंग्लंडात आला. १७ एप्रिलला फार्नबरोला दोन तासांच्या वर मारामारी चालली. सेयर्स अंगानं कितीतरी लहान, पण हटेना. अखेर इथंही गर्दी आत शिरली, पोलीस आले आणि लढत बरोबरीत सोडवली. दोघांना एकेक पट्टा दिला. भांडणाऱ्या दोन मुलांना एकेक पेढा द्यावा तसं!

त्यानंतर मात्र वारं फिरलं. उघड्या मुठींच्या लढती इंग्लंडात बेकायदा होत्याच, आता पोलिसांचा जाच वाढला. १८७० सालच्या मे महिन्यात जेम मेस आणि टॉम अ‍ॅलन हे दोन इंग्रज जगज्जेतेपदासाठी लढले, पण कुठं? अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सजवळ! माणसं इंग्लंडची, भांडण इंग्लंडचं, अंगण मात्र परक्याचं. १८६७ साली मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीच्या नावानं नवे नियम आले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, दहा आकड्यांची मोजणी हे सगळं इंग्लंडनं दिलं. नियम इंग्लंडात लिहिले गेले आणि पैसा अमेरिकेत गोळा झाला. क्रिकेटचं पुढं आपल्याकडे जे झालं तेच इथं शंभर वर्षं आधी झालं, असं म्हणायला हरकत नाही.

आता अमेरिकेत जाऊन जिंकलेला पहिला मोठा माणूस. बॉब फिट्झसिमन्स. जन्म १८६३, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन गावचा. लहानपणीच घरच्यांबरोबर न्यूझीलंडला गेला, तिथं बापाच्या लोहारकामात घण मारून खांदे कमावले. पाय काटकुळे, डोक्याला टक्कल, अंगावर तीळ. पाहणाऱ्याला हा माणूस हिशेबनीस वाटावा. ऑस्ट्रेलियात लढून १८९० मध्ये तो अमेरिकेत उतरला आणि तिथंच राहिला. सात वर्षांनी, १७ मार्च १८९७ ला, नेव्हाडातल्या कार्सन सिटीत तो जेम्स कॉर्बेटसमोर उभा राहिला. याचं वजन सुमारे ७६ किलो, कॉर्बेटचं त्याहून सात किलो जास्त. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सनं डाव्या हाताचा ठोसा कॉर्बेटच्या बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या खळग्यात हाणला. कॉर्बेट शुद्धीवर होता, पण श्वासच घेता येईना. खेळ खलास. या लढतीसाठी नेव्हाडा राज्यानं त्याच वर्षी मुष्टियुद्ध कायदेशीर केलं होतं. आणि लढतीचं जे चित्रीकरण झालं, तो तासाभराहून मोठा चित्रपट जगातल्या सुरुवातीच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांत गणला जातो. म्हणजे बघा, कायदा, कॅमेरा आणि पैसा हे तिघंही तेव्हाच अमेरिकेत एकत्र आले होते.

फिट्झसिमन्स १८९९ साली जेम्स जेफ्रीजकडून हरला. त्यानंतर इंग्लंडात जन्मलेला हेवीवेट जगज्जेता पुन्हा दिसायला १९९२ उजाडावं लागलं. त्र्याण्णव वर्षं! एवढ्या काळात साम्राज्य आलं आणि गेलं. आपला वाद या त्र्याण्णव वर्षांतच पिकला.

या काळातला पहिला माणूस आपल्या ओळखीच्या मुलखातून गेलेला आहे. बॉम्बार्डियर बिली वेल्स. हा तोफखान्यातला शिपाई, हिंदुस्थानात रावळपिंडीला नेमणुकीवर होता. तिथल्या लष्करी स्पर्धांत नाव मिळवलं, मग पैसे भरून फौजेतून सुटका करून घेतली आणि १९११ साली तो ब्रिटिश विजेता झाला. (जे. आर्थर रँकच्या इंग्रजी चित्रपटांच्या सुरुवातीला भली थोरली थाळी वाजवणारा धिप्पाड माणूस जुन्या मंडळींना आठवेल. त्या थाळी वाजवणाऱ्यांपैकी एक म्हणजे हा वेल्स.) त्याच वर्षी जगज्जेता जॅक जॉन्सन, पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता, लंडनला येऊन वेल्सशी लढायला तयार झाला. म्हणजे अमेरिका दारात आली होती! पण पाद्री मंडळींनी मोहीम उघडली, आणि गृहमंत्र्यांनी ही लढत बेकायदा ठरवली. गृहमंत्री कोण, तर विन्स्टन चर्चिल. वरवर कारण सुव्यवस्थेचं. खरी धास्ती अशी की एका काळ्या माणसानं गोऱ्या शिपायाला लोळवलेलं वसाहतींतल्या प्रजेनं पाहिलं, तर तिच्या मनात नको ते विचार यायचे. ती प्रजा म्हणजे आपले आजे-पणजे बरं का!

घरी बंदी झाली म्हणून वेल्स १९१२ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि अल पाल्झरकडून तिसऱ्या फेरीत आडवा झाला. १९१३ मध्ये पुन्हा गेला, गनबोट स्मिथनं दुसऱ्या फेरीत झोपवलं. सरकारनं घरची संधी काढून घेतली, आणि परक्या गावात जे व्हायचं ते झालं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये नियम आला की ब्रिटिश विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आई-बाप दोघंही गोरे असले पाहिजेत. हा नियम १९४८ पर्यंत टिकला. म्हणून "आपला ब्रिटिश योद्धा" असं म्हणताना त्या 'आपला'मध्ये कोण बसत होतं, हेही विचारलं पाहिजे.

पुढचा टॉमी फार. वेल्सच्या टोनीपँडीच्या खाणपट्ट्यातला, लहान वयात कोळशाच्या खाणीत उतरलेला पोरगा. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्यानं लंडनला मॅक्स बेअरला हरवलं. तेव्हा ठरत होतं की त्यानं लंडनमध्येच जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगशी लढावं. पण न्यूयॉर्कचा प्रमोटर माइक जेकब्स यानं मध्येच त्याला उचललं आणि जो लुईसमोर उभं केलं. ३० ऑगस्ट १९३७, यँकी स्टेडियम. लुईची जगज्जेता म्हणून ती पहिलीच लढत. सगळ्यांचा अंदाज होता की फार दोनचार फेऱ्यांत संपेल. तो पंधराच्या पंधरा फेऱ्या उभा राहिला. इंग्लंडात तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, आणि अख्खं वेल्स रेडिओला कान लावून जागं होतं. फार गुणांवर हरला. पण खाणकामगारांच्या त्या गावात तो जिंकलेल्यांपेक्षा मोठा झाला.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढं फार अमेरिकेतच थांबला. ब्रॅडॉक, बेअर, नोव्हा, बर्मन अशा चौघांशी लढला आणि चारही लढती गुणांवर हरला. अमेरिकेत पाच लढती, पाचही पराभव. पैसा मिळाला तसा गेलाही, आणि १९५० साली, छत्तिशी गाठल्यावर, त्याला पोटासाठी पुन्हा रिंगमध्ये उतरावं लागलं. वीरगाथा सांगताना हे शेवटचं पान लोक फाडून टाकतात. मास्तरानं ते फाडू नये.

डॉन कॉकेलची कथा तर ऐकवत नाही. बॅटर्सीचा हा लोहार १६ मे १९५५ ला सॅन फ्रान्सिस्कोला रॉकी मार्सियानोशी लढला. रिंग नेहमीपेक्षा लहान ठेवली होती. पळायला जागाच नको, म्हणजे मार्सियानोचं फावलं. मार्सियानोनं त्याला डोक्यानं ढुशा मारल्या, कमरेखाली मारलं, घंटा झाल्यावर मारलं, खाली पडल्यावरही मारलं. पंच गप्प. नवव्या फेरीत लढत थांबवली. इंग्लंडची वर्तमानपत्रं खवळली. कॉकेल कच्चा होता असं कुणी समजू नका, याच माणसानं सिअ‍ॅटलला जाऊन हॅरी मॅथ्यूजला त्याच्याच गावात हरवलं होतं. म्हणजे अमेरिकेत जिंकणं अशक्य नव्हतं. पण जिथं जगज्जेतेपदाचा पैसा अडकलेला असतो, तिथं पंचाची नजर अधू होते, एवढंच.

१९५९ मध्ये ब्रायन लंडन इंडियानापोलिसला फ्लॉइड पॅटरसनशी लढायला गेला. त्याच जानेवारीत तो हेन्री कूपरकडून हरलेला, त्यामुळं ब्रिटिश बोर्डाची या लढतीला मान्यता नव्हती. तरी गेला, अकराव्या फेरीत हरला आणि घरी येऊन दंडही भरला. दोन्हीकडून मार!

आता त्या हेन्री कूपरकडे या. माझ्या पिढीला हे नाव माहीत आहे ते मुहम्मद अलीमुळं. कूपर आणि त्याचा मॅनेजर जिम विक्स यांचं धोरण सोपं होतं. मोठ्या लढती लंडनात. १८ जून १९६३ ला वेम्बलीवर चौथ्या फेरीच्या शेवटी कूपरच्या डाव्या हुकनं कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा अली, खाली बसला. घंटेनं वाचला. पुढच्या फेरीत कूपरच्या डोळ्याजवळ जखम होऊन लढत थांबली. पण तो एक ठोसा इंग्लंड आजतागायत विसरलेलं नाही. १९६६ च्या मे महिन्यात जगज्जेता झालेला अली पुन्हा लंडनला, हायबरीच्या फुटबॉल मैदानावर, कूपरशी लढायला आला.

तो का आला, हे विचारलं पाहिजे. इंग्लंडच्या प्रेमापोटी नाही. व्हिएतनाम युद्धाबद्दल तो जे बोलला, त्यामुळं त्या वर्षी अमेरिकेतल्या गावांना तो नकोसा झाला होता. मार्चमध्ये टोरांटो, मेमध्ये लंडन, ऑगस्टमध्ये पुन्हा लंडन, सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्ट असा तो फिरत होता. अमेरिकेनं स्वतःचाच जगज्जेता घराबाहेर काढला, तेव्हा इंग्रजांना घरबसल्या लढत मिळाली. जॅक जॉन्सनच्या वेळी आलेली अशीच संधी त्यांनी दवडली होती. ५५ वर्षांत एवढं शहाणपण आलं म्हणायचं!

फ्रँक ब्रुनोचं थोडक्यात सांगतो. दोनदा लास व्हेगासला माइक टायसनपुढं गेला, १९८९ आणि १९९६ मध्ये. पाचव्या फेरीत हरला आणि मग तिसऱ्या फेरीत हरला. जगज्जेतेपद त्याला मिळालं ते वेम्बलीवर, सप्टेंबर १९९५ मध्ये, चौथ्या प्रयत्नात. "घरी राहा" म्हणणाऱ्यांचा तो आवडता दाखला.

पण लगेच दुसऱ्या बाजूचा दाखला घ्या. लेनक्स लुईस. जन्म लंडनचा, आई-वडील मूळचे जमैकाचे, वाढला कॅनडात, १९८८ चं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं तेही कॅनडासाठी. इंग्लंडात लोक म्हणायचे हा आपला नाही, आणि कॅनडात म्हणायचे हा गेला. १९९२ च्या डिसेंबरात रिडिक बो यानं त्याच्याशी लढण्याऐवजी आपला पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि तो पट्टा लुईसकडे आला. १९९४ मध्ये वेम्बलीवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, ऑलिव्हर मॅकॉलनं त्याला दुसऱ्याच फेरीत पाडलं. आणि मॅकॉलकडूनच पट्टा परत मिळाला तो १९९७ मध्ये लास व्हेगासला. घरी गमावलं, परक्या गावी कमावलं!

या दोन्हींच्या मध्ये लुईसनं एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याला हरवताना मॅकॉलच्या कोपऱ्यात जो गुरू उभा होता, डेट्रॉईटचा इमॅन्युएल स्टुअर्ड, त्यालाच लुईसनं आपला गुरू केलं. ज्यानं हरवलं त्याच्या घरी शिकायला जायचं, याला मोठं मन लागतं. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे ही.

मग १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, लुईस विरुद्ध होलीफील्ड. मोजणीनुसार लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलीफील्डचे १३०. निकाल बरोबरी! अमेरिकन पंचबाईंनी होलीफील्डला विजयी ठरवलं, दक्षिण आफ्रिकेच्या पंचानं लुईसला, आणि ब्रिटिश पंचानं दोघांना समान गुण दिले. न्यूयॉर्कात चौकश्या झाल्या. इंग्लंडनं अर्थातच अमेरिकन बाईंना शिव्या घातल्या. पण मला विचाराल तर गोष्ट अडली ती ब्रिटिश पंचापाशी. त्यानं लुईसला एक गुण जास्त दिला असता तर निकाल फिरला असता.

आणि पुढची गंमत बघा. १ डिसेंबर २०१८ ला टायसन फ्युरी लॉस एंजेलिसला डिऑन्टे वाइल्डरशी लढला. बाराव्या फेरीत मेल्यासारखा पडला आणि मोजणी संपता संपता उठला. निकाल पुन्हा बरोबरी. मेक्सिकोच्या पंचानं वाइल्डरला कौल दिला, कॅनडाच्या पंचानं फ्युरीला, आणि ब्रिटिश पंचानं ११३-११३! एकोणीस वर्षांनी तोच खेळ. मी काही त्यांच्या मनात शिरलो नाही, आणि त्यांनी प्रामाणिकपणे मोजलं नसेल असंही म्हणत नाही. पण शिक्षकाला एक गोष्ट ठाऊक असते. स्वतःचा मुलगा स्वतःच्या वर्गात असला, की त्याचा पेपर हात आखडता घेऊनच तपासला जातो. परक्या गावी आपल्या माणसाचा न्याय करणाऱ्यावरही तो ताण येत असेल.

फ्युरी मात्र बरोबरीनंतर घरी परतून रडत बसला नाही. २०१९ मध्ये लास व्हेगासला दोन लढती लढला, त्यातल्या एकीत भुवईवर अशी जखम की ४७ टाके पडले. मग गुरू बदलला आणि इमॅन्युएल स्टुअर्डचाच पुतण्या शुगरहिल स्टुअर्ड याला धरलं. २२ फेब्रुवारी २०२० ला लास व्हेगासलाच त्यानं वाइल्डरला सातव्या फेरीत संपवलं. इथं गुणांचा प्रश्नच उरला नाही.

जोशुआचं उलट झालं. २०१७ मध्ये वेम्बलीवर नव्वद हजार लोकांसमोर त्यानं व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं होतं. गार्डनमध्ये माणसं मावतात वीस हजारांच्या आसपास. म्हणजे तिकिटांसाठी अमेरिकेला जायची त्याला गरज नव्हती. पण अमेरिकेतले वर्गणीदार हवे होते, तिथं नाव हवं होतं. ठरलेला प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत सापडला, म्हणून ऐनवेळी अँडी रुइझ हा गोलमटोल माणूस आणला. जोशुआनं तिसऱ्या फेरीत त्याला पाडलंही. पण रुइझ उठला, आणि मग जोशुआ एकदा नव्हे, चारदा पडला. सातव्या फेरीत सगळं संपलं. १ जून २०१९ ची ती रात्र, आमच्या भाच्याला फोन करायला लावणारी.

आता सगळा हिशेब मांडून बघू. जे हरले ते बहुतेक पाहुणे म्हणून गेले होते. लढत दुसऱ्यानं ठरवलेली, पंच, रिंग, तारीख सगळं दुसऱ्याचं, यांचं फक्त शरीर. कॉकेल, लंडन, ब्रुनो, आणि २०१९ चा जोशुआ. जे जिंकले ते मुक्कामाला गेले होते. फिट्झसिमन्स सात वर्षं तिथं राहून मग जगज्जेता झाला. लुईसनं अमेरिकेचा गुरू धरला. फ्युरी एका बरोबरीनंतर पुन्हा पुन्हा गेला. टॉमी फार तेवढा अपवाद. तो मुक्कामाला राहिला आणि तरी हरत गेला. पण तोही राहिला तो दुसऱ्यांच्या करारावर, आपल्या शर्तींवर नाही.

शिवरायांनी अफजलखानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी आणलं, स्वतः वाईला गेले नाहीत. हा एक धडा. आणि पानिपतावर आपण गेलो ते रसद तोडून घेण्यासाठीच गेलो की काय असं वाटावं, हा दुसरा. पण या दोन धड्यांतून "घर सोडूच नये" असा तिसरा धडा काढणारे लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत, आणि ते मला पटत नाही. गामा पहिलवान १९१० साली लंडनला गेला म्हणून जगाला कळलं की हिंदुस्थानात असा माणूस आहे. तो घरीच राहिला असता तर आपल्याला माहीत असतं, आणि आपल्यालाच माहीत असतं.

यात माझा एक जिव्हाळ्याचा धागा आहे, तो सांगून टाकतो. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालो आणि जन्मभर मराठी शाळेतच शिकवलं. दरवर्षी दहावीनंतर एखादा हुशार मुलगा, एखादी मुलगी विचारायला यायची, "सर, पुण्यामुंबईला इंग्रजीत शिकायला जाऊ का? तिकडची मुलं हसतील." मी सांगायचो, जा. पण एका परीक्षेपुरतं जाऊ नको, राहायला जा. तिथली भाषा, तिथला गुरू, तिथली खानावळ, सगळं आपलं करून घे. पहिल्या वर्षी गुण कमी पडतील, तेव्हा सामान बांधू नको. आणि तिथं कुणी कमी गुण दिले म्हणून इथं शिकलेलं खोटं होतं असं कधी मानू नको. काहीजण परत आले, काही तिकडेच मोठे झाले. दोन्ही ठीक. वाईट एवढंच वाटायचं की आपल्या गुणपत्रिकेवर सही मात्र दुसऱ्याच गावाची लागते.

मुष्टियुद्धात तर त्या सहीची किंमत डोक्यावर ठोसे खाऊन मोजायची असते. म्हणून "जा" म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की आपण खुर्चीत बसून म्हणतोय.

आणि एवढं सगळं झाल्यावर प्रश्नच पुन्हा जागा बदलतोय. जोशुआनं रुइझला परत हरवलं ते इंग्लंडात नाही की अमेरिकेत नाही, सौदी अरेबियात, डिसेंबर २०१९ मध्ये. लुईसनंतर पहिल्यांदाच निर्विवाद हेवीवेट जगज्जेता ठरला तो मे २०२४ मध्ये रियाधला. युक्रेनच्या उसिकनं फ्युरीला हरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वेम्बलीवर डुबॉ आणि जोशुआ हे दोन ब्रिटिश लढले, तेव्हा शहाण्णव हजार लोक आले होते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जोशुआ पुन्हा अमेरिकेत गेला, मायामीला, जगज्जेतेपदासाठी नव्हे, तर यूट्यूबवरून नाव कमावलेल्या जेक पॉलशी लढायला. सहाव्या फेरीत जिंकला. पैसा भरपूर मिळाला असणार. पण वेल्स, फार, कॉकेल ज्यासाठी बोट धरून अटलांटिक ओलांडत होते, ते यात कुठं होतं?

मोलिनो इंग्लंडला आला तेव्हा सही इंग्लंडची लागत होती. मग ती अमेरिकेची लागायला लागली. आता ती ज्याच्या थैलीत जास्त पैसा त्याची लागेल असं दिसतंय. सही करणारे बदलत राहतात. ठोसा खाणारा मात्र दर पिढीत कुणा खाणकामगाराचा, लोहाराचा, नाहीतर परदेशातून आलेल्या आई-बापांचा मुलगा असतो. तेव्हा त्यानं कुठं लढावं हे त्यानंच ठरवावं, आणि ठरवताना कराराचा कागद नीट वाचावा, एवढंच माझं म्हणणं.

भाचेबुवांचं मत अजूनही वेगळं आहे. तुमचं काय?